ट्रॅक्टर जास्त वर्षं टिकवायचा तर कुठे हात लावायचा आणि कुठे नाही

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की लोक टायर बघतात, रंग बघतात, सेल्फ मारून आवाज ऐकतात. मी आधी एअर क्लीनरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडवतो आणि आत बोट फिरवतो. बोटाला कोरडी धूळ लागली की पुढचं बघायची फारशी गरज उरत नाही. त्या इंजिनाने धूळ खाल्लेली असते. पिस्टन रिंगा आणि लायनर (ज्या नळकांड्यात पिस्टन सरकतो ते) घासले गेलेले असतात, आणि नव्या रंगाने ते भरून येत नाही.

एकाच मॉडेलच्या दोन ट्रॅक्टरांपैकी एक लवकर इंजिनकामाला येतो आणि दुसरा त्याच्या दुप्पट चालतो, यामागे बहुतेक वेळा धूळ आणि पाणी असतं. नेटाने राबलेला ट्रॅक्टर लवकर मोडतो असं नाही. आणि निम्मी नुकसानी दुर्लक्षामुळे होते तर उरलेली अतिउत्साहामुळे. नको तिथे पाना लावणारे, चांगला फिल्टर रोज आपटून साफ करणारे, गरम रेडिएटर उघडून ‘जरा बघणारे’ मालकही ट्रॅक्टरचं आयुष्य कमी करतात.

आधी तास, मग बाकी सगळं

देखभाल महिन्यांवर नाही, तासांवर चालते. म्हणून बंद पडलेला अवर मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते मोजणारा मीटर, सगळ्यात आधी दुरुस्त करून घ्या. जुन्या पद्धतीचा केबलवरचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे तो ठरावीक आरपीएमलाच खरा तास दाखवतो आणि कमी रेसवर मागे पडतो. नवे इलेक्ट्रॉनिक मीटर साधारणपणे घड्याळाचाच तास मोजतात.

बहुतेक पुस्तिकांमधले टप्पे रोज (म्हणजे 8 ते 10 तास), 50, 250, 500 आणि 1000 तास असे असतात. तुमच्या मॉडेलचे आकडे पुस्तिकेतून घ्या, इथले आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. ट्रॅक्टर नवा असो किंवा इंजिन नुकतंच बांधलेलं असो, 50 तासांच्या आसपासची पहिली सर्व्हिस अजिबात टाळू नका. नवे भाग एकमेकांवर बसताना सुटलेला धातूचा कीस त्या पहिल्या ऑइलमध्ये असतो.

एक साधी वही ठेवा. तारीख, मीटरचे तास, काय बदललं आणि मध्ये किती ऑइल वर घालावं लागलं एवढं लिहिलं की पुरे. यातली शेवटची नोंद सगळ्यात कामाची, कारण ऑइल खाण्याचं प्रमाण हळूहळू वाढतंय हे वहीशिवाय लक्षात येत नाही.

काम करताना आपला जीव

अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ (इंजिनाच्या जोरावर अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. मगच खाली वाका. नुसत्या जॅकवर किंवा लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नका, भक्कम ठोकळे लावा. हायड्रॉलिक पाइपातून तेलाची बारीक चिळकांडी उडत असेल तर ती बोटाने शोधायची नाही. त्या दाबाने तेल कातडीतून आत शिरतं आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. जागा शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

रोजची फेरी

सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी. आधी ट्रॅक्टरखालची जमीन बघा, रात्रभरात काय ठिबकलं ते तिथे दिसतं. मग ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून पातळी बघा. त्यानंतर कूलंट, मग डिझेल फिल्टरखालच्या वाटीत पाणी साचलंय का ते. पुढच्या जाळीत अडकलेला भुसा-पाला काढा, टायरांवर नजर टाका, चाकांचे नट हाताने चाचपा. धुळीचं काम असेल तर एअर क्लीनर. एवढ्याला दहा मिनिटं लागतात.

पट्टीवर ऑइल कमी दिसलं तर सगळेच घाबरतात. मी जास्त दिसलं तर घाबरतो. वरून न घालता पातळी वाढली म्हणजे खाली काहीतरी मिसळतंय. डिझेलचा वास आला आणि ऑइल पातळ लागलं तर संशय फीड पंपावर किंवा इंजेक्शन पंपाच्या सीलवर. दुधाळ दिसलं तर पाणी. अशा ऑइलवर इंजिन चालवून बघू नका.

हवा: सगळ्यात जास्त लक्ष इथे

ऑइल बाथ पद्धतीचा क्लीनर असेल तर खालच्या वाटीत खुणेपर्यंतच ऑइल हवं. कमी झालं तर धूळ अडत नाही, जास्त झालं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं. वाटीच्या तळाशी गाळाचा थर साचला किंवा ऑइल घट्ट झालं की ते ओतून द्या, वाटी पुसा, नवं भरा. धुळीच्या दिवसांत हे काम रोजचं होऊन बसतं. वरची जाळी अधूनमधून डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्या.

कोरड्या पेपर फिल्टरचं गणित उलटं आहे. त्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक धूळ अडवतो, त्यामुळे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगलं गाळतो. दर वेळी उघडताना थोडी धूळ आतल्या बाजूला सांडते, सीलही सैल होतं. म्हणून चोक झाल्याचा इंडिकेटर लाल झाला तरच, किंवा पुस्तिकेतल्या तासांना, फिल्टर उघडा. रोज करायचं काम एवढंच, की क्लीनरच्या टोकाची रबरी चोच दाबून साचलेली धूळ सोडून द्यायची.

उघडलाच तर असं करा:

1. झाकणाची बाहेरची धूळ आधी पुसा.
2. बाहेरचा मोठा फिल्टर अलगद फिरवत काढा. टायरवर किंवा बंपरवर आपटू नका. कडा चेपली की ती नीट बसत नाही आणि धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते.
3. हवा मारायची ती आतून बाहेर, आणि कमी दाबाने. अनेक पुस्तिका 30 पीएसआयची मर्यादा देतात. टायर भरायच्या पूर्ण दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात.
4. फिल्टरच्या आत दिवा धरून अंधारात बघा. कुठेही प्रकाशाचा टिपका दिसला तर फिल्टर बाद.
5. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. त्यावर धूळ दिसली तर बाहेरचा फाटलेला आहे किंवा नीट बसत नाही.
6. डब्याचा आतला भाग ओलसर फडक्याने पुसा, मग परत बसवा.

हे सगळं नीट करून माझं एकदा चांगलंच नुकसान झालं, ते एका क्लॅम्पमुळे. क्लीनर झकास आणि त्यापुढच्या पाइपाचा क्लॅम्प ढिला. फिल्टरनंतरच्या सांध्यातून आत जाणारी हवा गाळलेली नसते. आता वहीत क्लॅम्पसाठी वेगळा रकाना आहे. पाइपाला तडा दिसला तर टेप गुंडाळू नका, पाइप बदला.

ऑइल

डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर काही तासांत काळं पडतं. ते काजळीमुळे, आणि काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. रंग बघून ऑइल बदलू नका आणि रंग चांगला आहे म्हणून टाळूही नका. बऱ्याच ट्रॅक्टरांना 15डब्ल्यू-40 ग्रेडचं ऑइल चालतं आणि 250 तासांच्या आसपास बदलावं लागतं, पण ग्रेड आणि तास पुस्तिकेतलेच. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच, कारण ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओल ऑइलमध्ये साचत जाते.

इंजिन गरम असताना ऑइल काढा, म्हणजे गाळ तरंगता असताना बाहेर येतो. हात भाजणार नाही इतपत थांबा. ड्रेन बोल्टावर चिकटलेला कीस बोटांनी चोळून बघा. राखेसारखी बारीक पूड असेल तर चालेल, चमकते तुकडे असतील तर नवं ऑइल भरण्याआधी मेकॅनिकला दाखवा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, रबर टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून हातानेच साधारण पाऊण आटा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी छिन्नीने काढावा लागतो. ऑइल भरून इंजिन हळू रेसवर चालवा, प्रेशरचा दिवा विझतो का आणि कुठे गळतंय का बघा. मग बंद करून थोड्या वेळाने पट्टी पाहा. वरच्या खुणेच्या वर भरू नका, क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

काढलेलं ऑइल जमिनीत ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

डिझेल

इंजेक्शन पंप आणि नोझल यांच्या आतल्या भागांमधली फट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत असते. त्यामुळे डिझेलमधलं पाणी आणि माती हेच त्यांचे खरे वैरी. टाकी सकाळी भरण्याऐवजी काम संपल्यावर भरा. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री गार होऊन टाकीतच पाणी होते. ड्रममधून डिझेल घेत असाल तर ड्रम हलवल्यावर लगेच काढू नका, आणि नळी तळाला टेकवू नका.

फिल्टर बदलताना आधी बाहेरून सगळं धुऊन पुसून घ्या. नवा फिल्टर बाटलीतल्या डिझेलने भरून बसवायची सवय अनेकांना आहे. ते न गाळलेलं डिझेल थेट पंपाकडे जातं, म्हणून दोन फिल्टर असतील तर दुसऱ्या, म्हणजे पंपाकडच्या फिल्टरच्या बाबतीत तरी हे टाळा. भरण्याचं काम हँड प्रायमरला (हाताने डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाला) करू द्या.

डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायची ती टाकीकडून इंजिनाच्या दिशेने. कॉक उघडा, पहिल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा, स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंप. तरीही इंजिन घेत नसेल तर जुन्या पद्धतीच्या पंपावर नोझलकडचे नट सैल करून सेल्फ मारतात. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनावर हे अजिबात करू नका. तिथला दाब 1000 बारच्या वर जातो, त्या नळ्यांना पाना लावायचं काम आपलं नाही.

कूलंट

‘साधं पाणी घातलं तर काय होतं’ हा नेहमीचा प्रश्न. गंजाचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं, पण दुसरं कारण जास्त वाईट आहे. इंजिन चालताना ओला लायनर, म्हणजे ज्याला बाहेरून पाणी थेट लागतं तो, थरथरतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि फुटताना लोखंड टोचत राहतात. चांगल्या कूलंटमधली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरतात. नुसत्या पाण्यात तो थर नसतो. मग लायनरला बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं पडत जातात आणि एक दिवस पाणी आत येतं. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं हे सर्वसाधारण प्रमाण. साध्या कूलंटला दोन वर्षं झाली की बदला, तास कितीही भरलेले असोत.

रेडिएटरचं झाकण नुसतं बूच नसतं. ते आत दाब धरतं आणि त्यामुळे पाणी उशिरा उकळतं. झाकणाचं रबर किंवा स्प्रिंग गेली की इंजिन विनाकारण तापतं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. रेडिएटरच्या पट्ट्यांत अडकलेला भुसा इंजिनाच्या बाजूने पुढे असा, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, कमी दाबाने काढा. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटीमीटर दबावा. आणि काट्यावर आंधळा विश्वास नको. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

ग्रीस, गिअर आणि हायड्रॉलिक

ग्रीस गन लावण्याआधी निपल पुसा, नाहीतर माती ग्रीसबरोबर आत ढकलली जाते. उघड्या पिनांना जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. सील असलेल्या बेअरिंगला मात्र एक-दोन ठोके बस, जास्त मारलं तर सीलच बाहेर येतं. पुढच्या ॲक्सलच्या सेंटर पिनला ग्रीस मारताना पुढचा भाग जॅकने उचलून ठोकळे लावा. वजन असताना दाबाच्या बाजूला ग्रीस पोचतच नाही आणि नेमकी तीच बाजू झिजते. चाक उचललेलं असतानाच ते वरखाली हलवून हबची बेअरिंग आणि किंगपिन ढिली झाली आहे का तेही बघून घ्या.

अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, तेलात बुडालेले ब्रेक आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं. म्हणून तिथे कुठलंही गिअर ऑइल ओतून चालत नाही, ब्रेक करकरायला लागतात. लिफ्टचे हात खाली ठेवून पातळी बघा. साधारण 1000 तासांना तेल बदला, स्ट्रेनर (तेल गाळणारी जाळी) त्याच वेळी धुवा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या ॲक्सलचं आणि दोन्ही हबांचं तेल वेगळं असतं, ते लोक हमखास विसरतात. लिफ्ट वर टेकल्यावर कर्कश आवाज येत राहिला तर जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह सुटतोय, लिव्हर थोडा खाली घ्या.

क्लचवर पाय ठेवून चालवणं ही सवय लागली की क्लच प्लेटचं आयुष्य आपण ठरवलं म्हणून समजा. पेडलची मोकळी चाल कोरड्या क्लचमध्ये झिजेबरोबर कमी होत जाते, तेव्हा ती वेळोवेळी मोजून पुस्तिकेप्रमाणे ठेवा. दोन्ही ब्रेक सारखे लागायला हवेत, आणि रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल जोडलेले. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) लावून वळू नका. कोरड्या कडक रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह बंद ठेवा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त अंतर कापतील अशीच गिअरची रचना असते. मऊ जमिनीत तो फरक घसरण्यात मुरतो, कडक रस्त्यावर टायर आणि गिअर खातो.

पीटीओ शाफ्टच्या दोन्ही जोडांना रोज ग्रीस आणि वरचं कव्हर जागेवर. अवजार वर उचलताना कोन वाढून जोड खडखडायला लागले तर पीटीओ बंद करा. शिअर बोल्ट तुटला की हाताशी आहे म्हणून जास्त कडक बोल्ट घालू नका. तो तुटण्यासाठीच असतो, नाहीतर त्याच्या जागी गिअरबॉक्स तुटतो.

टायर आणि घसर

हवेचा दाब थंड टायरवर मोजा. ट्रॅक्टरवर जादा वजन भरायचं किती, हे घसर, म्हणजे चाक पुढे न जाता किती फुकट फिरतं ते, मोजून ठरवा. मागच्या चाकावर खडूने खूण करा. अवजार जमिनीत चालू असताना चाकाच्या 10 फेऱ्यांत किती अंतर गेलं ते खुंट्या रोवून ठरवा. मग अवजार उचलून तेच अंतर पुन्हा चाला. आता 9 फेऱ्या लागल्या तर घसर 10 टक्के, साडेआठ लागल्या तर 15. ओढकामाला ही मर्यादा बरी. याहून जास्त घसर असेल तर टायर आणि डिझेल जळतं, वजन वाढवा. घसर अगदी नाहीशीच झाली असेल तर वजन काढा, कारण आता प्रत्येक झटका थेट गिअर आणि ॲक्सलवर जातोय. थोडं घसरू देणं ट्रॅक्टरच्या हिताचं असतं, हे बऱ्याच चालकांना पटत नाही.

बॅटरी

पूर्ण चार्ज आणि विश्रांती घेतलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. पाणी प्लेटांच्या वर राहील इतकं, आणि तेही डिस्टिल्डच. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडा.

चालवण्याची पद्धत

सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. थंड इंजिन लगेच पूर्ण रेस करू नका, पण तासभर रिकामं चालूही ठेवू नका. कमी रेसवर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि नोझल-सायलेन्सरमध्ये काळा चिकट थर बसतो. टर्बो असेल तर जड कामानंतर एक-दोन मिनिटं हळू रेसवर चालवून मगच बंद करा.

वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरत ओढत असेल आणि काळा धूर टाकत असेल तर एक गिअर खाली घ्या. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस चालते, जड कामाला नाही. काळा धूर सतत येत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर डिझेल न जळता जातंय किंवा पाणी आत येतंय.

धुणं आणि उभा ठेवणं

प्रेशरच्या पाण्याचा फवारा हबचे सील, रेडिएटरच्या पट्ट्या आणि वायरिंगवर धरू नका. धुऊन झाल्यावर लगेच ग्रीस मारा, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं.

दोन-तीन महिने उभा राहणार असेल तर ऑइल ठेवण्याआधी बदला. जुन्या ऑइलमधली आम्लं बेअरिंगवर तेवढे दिवस बसून राहायला नकोत. टाकी पूर्ण भरा, सायलेन्सरचं तोंड झाका, बॅटरी काढून महिन्यातून एकदा चार्ज करा. क्लच पेडल लाकूड अडकवून दाबलेलं ठेवा, नाहीतर प्लेट गंजून चिकटते. पुन्हा काढताना एअर क्लीनर आणि सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलंय का ते आधी बघा, क्लचचं लाकूड काढा. स्टॉप नॉब ओढून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा, आणि मगच नॉब सोडून इंजिन चालू करा. पहिल्या तासाभरानंतर बंद करून, गार होऊ देऊन, ऑइल आणि कूलंटची पातळी पुन्हा एकदा बघा.